छोट्या ग्रीक बेटावर हिवाळाभर राहिलंय का कुणी? गावातलं रोजचं जगणं कसं असतं?

अनवट_वाट

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात अमोर्गोसला पाच दिवस होतो आणि परत आल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये. लांगादामध्ये राहिलो होतो, एयाली बंदराच्या वर डोंगरात आहे ते गाव, पायऱ्या पायऱ्या, मांजरं, संध्याकाळी आज्ज्या दारात खुर्च्या टाकून बसलेल्या, फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलेच असतील. निघताना खोलीची मालकीणबाई म्हणाली, ऑक्टोबर संपला की गाव परत आमचं. तेव्हापासून मला ते "आमचं" गाव बघायचंय.

काम लॅपटॉपवरचं आहे त्यामुळे कुठूनही चालतं. विचार असा की नोव्हेंबर ते मार्च एखाद्या लहान बेटावर खोली घ्यायची आणि शांतपणे राहायचं. प्रश्न साधे आहेत: लोक दिवसभर करतात काय? भाजीपाला, डॉक्टर, बँक यांचं काय? मी शाकाहारी आहे. ग्रीक म्हणाल तर "कालिमेरा" (सुप्रभात) आणि "एफ्हारिस्तो" (धन्यवाद) एवढंच येतं. ज्यांनी खरंच अनुभव घेतलाय त्यांनी सांगा, यूट्यूब बघून झालंय.

निळी_खिडकी

आमचा चौथा हिवाळा चालू होईल आता. बेटाचं नाव सांगत नाही, तीनशेच्या आत माणसं आहेत, इथे लिहिलेलं परवा काफेनिओत, म्हणजे गावातल्या कॉफीच्या दुकानात, पोचेल, मराठी कुणाला येत नसलं तरी :)

पहिली गोष्ट, तुम्ही राहिलात तसली खोली हिवाळ्यात घेऊ नका. त्या उन्हाळ्यासाठी बांधलेल्या असतात, भिंती नुसत्या गारठतात, डिसेंबरात उशी ओली लागते हाताला आणि जानेवारीत कपाटातल्या चपलांना बुरशी. ज्या घरात एखादं म्हातारं जोडपं बारा महिने राहत होतं असं घर शोधा, लाकडाची शेगडी असली तर फारच छान. आंघोळीच्या पाण्यासाठी बहुतेक घरांवर सोलर असतो पण ढगाळ दिवसांत फ्यूजच्या पेटीतलं थर्मोसिफोनासचं, म्हणजे गिझरचं, बटण वीस मिनिटं आधी दाबायचं आणि मग आठवणीने बंद करायचं, मी पहिल्या महिन्यात तीनदा विसरले आणि बिल बघून नवरा गप्पच झाला. नळाचं पाणी बऱ्याच बेटांवर समुद्राचं गोडं केलेलं असतं, नाहीतर टँकर-बोटीने आणलेलं, त्यामुळे भांडी घासताना नळ चालू ठेवलात तर शेजारीण खिडकीतून बघते. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात, पाइप बारीक असतात, हे सप्टेंबरात कळलं असेलच.

आता दिवस कसा जातो. सकाळी बेकरी, मग दुकान, मग काफेनिओ. आमच्याकडे दुकान आणि काफेनिओ एकाच माणसाचं आहे, एका बाजूला डाळी-साबण-दोऱ्या आणि दुसऱ्या बाजूला चार टेबलं. कॉफी सांगताना साखर आधीच सांगावी लागते कारण ती ब्रिकीत, म्हणजे कॉफीच्या छोट्या भांड्यात, कॉफीबरोबरच उकळते: स्केतो म्हणजे बिनसाखरेची, मेत्रिओ मध्यम, ग्लिको गोड. म्हातारे तावली (बॅकगॅमन) खेळत बसतात, सोंगट्या आपटायचा आवाज पार चढापर्यंत ऐकू येतो. साडेतीन ते साडेपाच सगळं बंद. हे नुसतं आळसाचं नाही हं, कायद्यानेच शांततेची वेळ आहे, हिवाळ्यात १५:३० ते १७:३० आणि उन्हाळ्यात १५:०० ते १७:३०. त्या वेळात मी एकदा भिंतीत खिळा ठोकायला घेतला, पोलीस नाही आले पण पापास आले, म्हणजे आमचे पाद्री, दारात उभं राहून फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं.

आणि एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही, पैसे द्यायला गेलात की दुकानदार म्हणतो "केरास्मेनो", म्हणजे कुणीतरी तुमच्या कॉफीचे पैसे आधीच दिलेत आणि कोण ते नीटसं सांगतही नाहीत. वाद घालायचा नाही, परत पैसे द्यायला धावायचं नाही, चार दिवसांनी तुम्ही कुणाच्या तरी कॉफीचे द्यायचे. मी पहिल्या आठवड्यात हट्टाने पैसे टेबलावर ठेवून आले होते, महिनाभर कुणी केरास्मा केला नाही :(

खारा_इंजिनीयर

निळी_खिडकी ताईंनी घरातलं सांगितलं, मी बोटीचं सांगतो. जहाजावर तीस वर्षं इंजिनात काढली, त्यातली बरीच पिरेअसला (अथेन्सचं बंदर) ये-जा करण्यात, आणि निवृत्तीनंतर दोन हिवाळे अनाफीला काढले (सांतोरिनीच्या पलीकडचं बेट, २०११ च्या जनगणनेत २७१ माणसं).

तिथे वार सोमवार-मंगळवार असा मोजत नाहीत, बोटीचा दिवस आणि बिनबोटीचा दिवस असा मोजतात. हिवाळ्यात आठवड्याला दोन-तीन बोटी. बोट येणार त्या दिवशी अर्धं गाव धक्क्यावर, कुणाचं फ्रीज येतंय, कुणाची सून येतेय, कुणाला काहीच नको असतं, नुसता बघायला येतो. बोट मागच्या बाजूने धक्क्याला लागते, फळी खाली येते, पाच मिनिटांत सगळा गोंधळ, ट्रक बाहेर माणसं आत, आणि पुन्हा शांत. रात्री दोनला आली तरी हेच.

आणि मग तो शब्द, "अपागोरेफ्तिको", म्हणजे बंदी. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटींना निघायची बंदी घालतात, मोठ्या बोटींसाठी साधारण आठ बोफोरच्या आसपास, लहान आणि वेगवान बोटींसाठी त्याच्या बरीच आधी. बोफोर म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायचं माप, हा शब्द तिथे शेंबड्या पोरालाही माहीत असतो. नाक्सोसहून इराक्लिया, शिनूसा, कूफोनिसी, डोनूसा करत अमोर्गोसला जाणारी एक्सप्रेस स्कोपेलितिस नावाची छोटी बोट आहे, तिच्यावर त्या बेटांचं बरंचसं सामान अवलंबून, आणि ती चिमुकली असल्यामुळे लवकर अडकते. सलग चार दिवस बंदी पडली की दुकानात आधी टोमॅटो संपतात, मग दूध, मग अंडी. कांदे बटाटे डाळी कधी संपत नाहीत. माझा सल्ला, घरात कायम दहा दिवसांचं ठेवा, औषधं महिन्याची ठेवा, आणि परतीचं विमान असेल तर अथेन्सला निदान दोन दिवस आधी पोचा. मी एक विमान असंच घालवलंय, धक्क्यावर बॅगेवर बसून लाटा मोजत होतो.

डॉक्टर असतो. ग्रीसमध्ये नवीन झालेल्या डॉक्टरला खेड्यात सेवा करावी लागते, त्याला "आग्रोतिकोस" म्हणतात, पंचविशी-सव्विशीचं पोरगं किंवा पोरगी. ताप, टाके, बीपी सगळं बघतात, पण मोठं काही झालं तर हेलिकॉप्टर, आणि वारा जास्त असला तर तेही नाही. हृदयाचा वगैरे त्रास असेल तर या फंदात पडू नका. सरळ सांगतोय.

पण जानेवारीत मधेच आठ-दहा दिवस असे येतात की वारा पडतो, ऊन कोवळं, समुद्र ताटासारखा. त्यांना अल्किओनिदेस म्हणतात, खंड्या पक्षी त्या दिवसांत अंडी घालतो अशी जुनी समजूत. तेव्हा गावातलं माणूस न् माणूस बाहेर असतं, कोण जाळी शिवतंय, कोण रानातला पाला खुडतंय. त्या आठ दिवसांसाठी मी दुसरा हिवाळा गेलो.

टवाळ_पोर

एवढं सगळं ठीक पण कुणी मोजलं नाही का, नोव्हेंबर ते मार्च म्हणजे पाच महिने?? शेंगेन टुरिस्ट व्हिसा (ग्रीससकट बऱ्याच युरोपीय देशांचा सामाईक) १८० दिवसांत ९० दिवस देतो. पाच महिने राहायचं तर २०२१ पासून ग्रीसचा डिजिटल नोमॅड व्हिसा आहे, कुठूनही लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी, त्याला महिना किमान ३५०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं, कर वजा जाता. टुरिस्ट व्हिसावर लॅपटॉप उघडून काम करणं कितपत चालतं ते वकिलाला विचारा, इथल्या काकांना नको.

दुसरं, शांतता शांतता म्हणताय तर शांतता मिळणार नाही. माणसं कमी म्हणजे नजरा जास्त. तुम्ही कधी उठलात, लाइट किती वाजता बंद झाला, कुणाकडे चहाला गेलात, सगळं "कुत्सोंबोलियो"त, म्हणजे गावगप्पांत. मी सेरिफोसला तीन आठवडे होतो, पाचव्या दिवशी बेकरीवाल्या बाईंनी विचारलं खोकला कसा आहे. मी खोकलो होतो घरात!

अनवट_वाट

व्हिसाचं गणित लक्षातच आलं नव्हतं, शरमेने मान खाली. म्हणजे तीनच महिने. मग कुठले तीन घेऊ? आणि शाकाहाराचं कुणीच काही बोललं नाही…

निळी_खिडकी

शाकाहार जमतो, उलट हिवाळ्यात जास्त जमतो. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास भरपूर, ईस्टरच्या आधी तर सात आठवडे, तेव्हा घराघरात "निस्तिसिमो", म्हणजे उपासाचं, जेवण. होर्ता म्हणजे रानातला पाला उकडून वर तेल-लिंबू, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण (शिनूसाचं चांगलं), गिगांतेस म्हणजे मोठाले पांढरे दाणे टोमॅटोत भाजलेले. सिफनोसला चण्याची रेविथादा शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात लाकडाच्या भट्टीत लावतात आणि रविवारी चर्चनंतर खातात. पण सावध, निस्तिसिमो म्हणजे शाकाहारी नव्हे! ज्यात लाल रक्त नाही ते उपासाला चालतं अशी समजूत, त्यामुळे ऑक्टोपस, माकूळ, कोलंबी सगळं चालतं. मी एकदा "उपासाचा भात" म्हणून आनंदाने ताट ओढलं आणि चमच्यात आठ पायांतला एक आला. "क्रेआस" म्हणजे मांस, ते नको एवढं सांगून भागत नाही, मासे नको, समुद्रातलं काहीच नको असं वेगवेगळं सांगा.

भाषेचं म्हणाल तर बेट सुटेपर्यंत व्याकरण येणार नाही पण शुभेच्छा पाठ करा, त्याच जास्त लागतात. महिन्याच्या एक तारखेला "कालो मिना". वाढदिवसापेक्षा नावाच्या संताचा दिवस मोठा, त्या दिवशी ज्याचं नाव त्याच्या घरी जायचं, "ख्रोनिया पोला" म्हणायचं, तोच गोड खायला घालतो. आणि ऑगस्टच्या शेवटी, समुद्र अजून कोमट असताना, लोक एकमेकांना "कालो हिमोना" म्हणतात, चांगला हिवाळा जावो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घामाने निथळत होते आणि मला वाटलं थट्टा करतायत.

महिने: जानेवारी अखेर ते एप्रिल घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरात बरीच घरं अथेन्सला गेलेली असतात, आमच्याकडे शाळेत नऊ मुलं आहेत म्हणून तेवढी तरी घरं उघडी. (शिक्षकांचे हाल वेगळेच, सप्टेंबरात बदली होऊन येतात तेव्हा खोल्या टुरिस्टांनी भरलेल्या, आमची एक बाई दीड महिना ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपली.) फेब्रुवारीनंतर गाव हळूहळू जागं होतं. २०२६ मध्ये २३ फेब्रुवारीला कथारा देफ्तेरा, म्हणजे उपासाचा पहिला सोमवार, पतंग उडवतात आणि लागाना नावाची चपटी पोळीसारखी पाव-भाकरी त्या एकाच दिवशी मिळते. मग २५ मार्चला शाळेची परेड, आमची नऊच्या नऊ मुलं, पुढे झेंडा, आणि दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवायला मुलांपेक्षा दहापट माणसं. आणि मग चुना. ईस्टरच्या आधी सगळं गाव पायऱ्यांच्या कडा, कट्टे, झाडांची बुंधं रंगवतं. एक जास्तीचा ब्रश तुमच्या हातात आला तर समजा राहायला परवानगी मिळाली.

खारा_इंजिनीयर

ताईंशी सहमत. ईस्टर १२ एप्रिलला आहे. २० जानेवारीला उतरलात तर ९० वा दिवस १९ एप्रिल येतो, म्हणजे पुरतं, पण वर सांगितलेले दोन दिवस हातचे राखा, बंदी पडली म्हणून व्हिसा उलटला हे विमानतळावर सांगत बसावं लागेल. गुड फ्रायडेच्या रात्री फुलांनी सजवलेली एपितॅफिओस, म्हणजे ख्रिस्ताची प्रतीकात्मक तिरडी, गल्लीगल्लीतून फिरते, शनिवारी मध्यरात्री मेणबत्त्या, ती विझू न देता घरापर्यंत नेऊन दाराच्या चौकटीवर काजळीचा क्रॉस काढतात. वारा असतोच, लोक हातांचा आडोसा करून चालतात, मी माझी तीनदा शेजाऱ्याच्या मेणबत्तीवर पेटवून घेतली होती.

अमोर्गोसच घ्या, ओळखीचं आहे आणि अनाफीपेक्षा मोठं. विमानतळ नाही, पिरेअसहून आठेक तास.

टवाळ_पोर

आणि इंटरनेट आधी बघून घ्या. मालकाला "वाय-फाय आहे का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागा.

अनवट_वाट

मालकीणबाईंना मेसेज टाकला, मोडकं इंग्रजी माझं आणि मोडकं त्यांचं. त्यांनी त्यांची खोली नाही दिली, म्हणाल्या ती थंड आहे, पण सासूचं घर रिकामं आहे, शेगडी आहे, लाकूड मीच आणायचं. स्पीडचा स्क्रीनशॉट मागितला तर शेगडीचाच फोटो पाठवला. २२ जानेवारीची बोट बघतोय. खारा काका, त्या आठवड्यात बोफोर किती असेल हे आत्ताच विचारणं मूर्खपणाचं आहे ना?

खारा_इंजिनीयर

हो.