मदत हवी आहे: ‘फेरो-’ दिसलं की नक्की काय समजायचं?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोलीला अकरावी-बारावीच्या मुलांची रसायनशास्त्राची शिकवणी घेते. खाणपट्ट्यातली मुलं, तांबडी माती बघतच वाढलेली. ‘फेरो’चा लोखंडाशी संबंध आहे हे त्यांना सांगावं लागत नाही, पोर्तुगीज शिकलेल्या आजोबांकडून ‘फेर्रो’ ऐकलेलं असतं. लॅटिन ‘फेरम’वरून एफ-ई ही खूण आली, हेही लगेच पटतं.

पुढे अडतं. फेरस म्हणजे लोहाचा प्रभार +२, फेरिक म्हणजे +३. पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये लोह +२, फेरिसायनाइडमध्ये +३. इथवर ठीक. पण फेरोमँगनीज हा नुसता मिश्रधातू. शुद्ध कोबाल्ट आणि निकेल फेरोमॅग्नेटिक, त्यांत लोखंड अजिबात नाही. काल एका मुलीने विचारलं, ‘टीचर, बेरियम टायटनेटमध्ये लोखंडच नाही, मग ते फेरोइलेक्ट्रिक कसं?’ तिला ‘पाठ कर’ म्हणणं मला पटत नाही. यात काही नियम आहे का?

प्रतिसाद १
टीचर, उपसर्गाच्या पुढे काय आहे ते आधी बघायला लावा. पुढे सायनाइडसारखा गट असेल तर ती जुनी नामपद्धत; तिथेच ‘ओ’ आणि ‘इ’ प्रभार सांगतात. पुढे मँगनीज, क्रोम किंवा सिलिकॉन असेल तर लोखंड अधिक तो पदार्थ, एवढंच. पोलाद बनवताना असे मिश्रधातू भट्टीत घालतात.

भौतिकशास्त्रात हा उपसर्ग गुणधर्माला लागतो. लोखंड हे कायम चुंबकत्व धरण्याचं ठळक उदाहरण, म्हणून तशा वागण्याला फेरोमॅग्नेटिक म्हणू लागले. पुढे 1920 च्या सुमारास व्हॅलासेक या भौतिकशास्त्रज्ञाला रोशेल मिठात (सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट) विद्युत ध्रुवीकरण तसंच वागताना दिसलं: बाहेरचं क्षेत्र काढलं तरी टिकणारं, उलट क्षेत्र दिलं की फिरणारं. त्या साधर्म्यावरून फेरोइलेक्ट्रिक. तुमच्या विद्यार्थिनीची शंका रास्तच आहे.

फेरिमॅग्नेटिकपाशी (अणूंची चुंबकत्वं उलटसुलट पण असमान, म्हणून थोडं चुंबकत्व उरतं) मात्र सांभाळा. ते नाव फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ नेएल यांनी 1948 मध्ये दिलं आणि त्यातल्या ‘इ’चा +३ शी काही संबंध नाही. मॅग्नेटाइट हे लोहखनिज फेरिमॅग्नेटिक आहे, आणि त्यात +२ व +३ दोन्ही लोह असतं.

धागाकर्ती
मनापासून आभार! ‘पुढे काय आहे ते बघा’ हे मुलांना नक्की जमेल. सिडेराइट हे खनिज, हिमोसिडेरिन हा शरीरातला लोहसाठा, यांतलं ‘सिडेरो’ही लोखंडाचंच ना?

प्रतिसाद २
हो, ग्रीक ‘सिदेरोस’वरून. सिडेराइट म्हणजे लोहाचं कार्बोनेट, त्यात लोह +२.

एक प्रयोगही सुचवतो. डिचोलीची तांबडी माती हायड्रोक्लोरिक आम्लात तापवा, गाळा. पिवळसर द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब टाकले की गर्द निळा साका येतो: मातीतलं लोह +३. मात्र थेंब टाकण्याआधी द्रावण पूर्ण गार करून भरपूर पाण्याने पातळ करा. गरम, तीव्र आम्लात फेरोसायनाइडमधून विषारी वायू सुटतो.