शब्दचर्चा: ‘कारुवाझा’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: जुन्या जपानी खेळियांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘कारुवाझा’ला आधी ‘कसरत’ लिहिले, मग ‘डोंबाऱ्याचा खेळ’. मन मानत नाही. दुसरे काही सुचते का?

उत्तर: आधी उच्चार. यातला ‘झ’ ‘झाड’मधला, ‘झेंडा’तला नव्हे. ‘कारुइ’ म्हणजे हलका आणि ‘वाझा’ म्हणजे कसब. ‘कसरत’ अरबीतून आली, तिचे मूळ ‘पुष्कळपणा’त आहे. एकच गोष्ट पुष्कळदा करणे, म्हणून मेहनत, व्यायाम. म्हणजे आपल्या शब्दाला घाम दिसतो, जपानी शब्दाला घाम जिरल्यावर उरणारा हलकेपणा. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

तुम्ही बहुधा १८६६च्या मंडळीबद्दल लिहीत असाल. परदेशी जाण्यावरची दोनशेहून अधिक वर्षांची बंदी त्याच वर्षी उठली आणि पहिला परवाना मिळाला तो सुमिदागावा नामिगोरो या जादूगाराला, कुणा सरदाराला नव्हे! फोटोची सोय नव्हती, चेहऱ्याचे वर्णन शब्दांत लिहिलेले. रिचर्ड रिस्ली या अमेरिकी खेळियाने अशी मंडळी जमवून डिसेंबरात योकोहामा सोडले. पुढे सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, पॅरिस, लंडन.

त्यातला हामाइकारी सादाकिची पाठीवर निजे, उंचावलेल्या तळपायांवर शिडी तोले, आणि पोरगा उमेकिची तीवर चढे. वर पोचून तोल सावरला की तो इंग्रजीत ओरडे, “ऑल राइट!” अमेरिकेत त्याचे नावच ‘लिटल ऑल राइट’ पडले. पायांवरच्या या कसबाला जपानीत ‘आशिगेई’ म्हणतात. पाठीवर निजून पायांनी माणूस झेलण्याच्या खेळाला मात्र सर्कसवाले आजही ‘रिस्ली’च म्हणतात. रिस्ली स्वतः तो खेळ करायचा हे खरे, पण जपानी कलेविषयी लिहिताना ‘आशिगेई’च ठेवा, ही विनंती.

आणखी एक उत्तर: ‘डोंबारी’ नको हे पटते. तो आपल्याकडचा समाज आहे. ‘कोलांटउडी’तही कोल्हाटी दडलेला आहेच. पण हलकेपणाचा शब्द आपल्याकडे तयार आहे: लाघव! लघु म्हणजे हलका, त्यावरून लाघव. जादूगाराच्या हाताला आपण ‘हस्तलाघव’ म्हणतोच. मग शरीराच्या कसबाला ‘अंगलाघव’ का नको? नामिगोरो पंख्याच्या वाऱ्यावर कागदाची फुलपाखरे उडवायचा ते हस्तलाघव, उमेकिची शिडीवर तोलायचा ते अंगलाघव.

प्रश्नकर्ती: ‘अंगलाघव’ घेतलाच! पहिल्या वेळी ‘कारुवाझा, म्हणजे अंगलाघव’ असे लिहीन. जाता जाता, ‘जापोनिझ्म’ला ‘जपानवाद’ चालेल का?

उत्तर: नको. फिलिप बुर्ती या फ्रेंच समीक्षकाने १८७२मध्ये तो शब्द रूढ केला, तो छापचित्रे, पंखे, किमोनो यांच्या ओढीसाठी. त्यात वाद कसला? ‘जपानवेड’ लिहा.