वहिनी ऊसतोडीवर, सातवा महिना, रक्त (हिमोग्लोबिन) ८.४. काय खायला सांगू?

फडातली नणंद:
मी पुण्यात नोकरीला, घर बीड जिल्ह्यात. भाऊ-वहिनी दिवाळीनंतर सांगलीकडं तोडीला गेलेत. निघताना वहिनीचं रक्त ९.६ होतं, परवा तिकडं ८.४ भरलं. लोहाच्या लाल गोळ्या दिल्यात, पण मळमळतं, संडासला काळं होतं म्हणून तिनं बंद केल्या. पहाटे तीनला उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते. गाडी भरायची असली की जेवायला रात्रीचे दहा, तेही सगळ्यांचं झाल्यावर. तोवर कोरड्यास (भाजी-कालवण) संपलेलं. मग चटणी-भाकरी आणि वर चहा. घरी थांब म्हणावं तर खाडा लागतो, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायचीय. लोक सांगतात बीट द्या, डाळिंब द्या. फडावरच्या कोपीत (झोपडीत) बीट कुठनं येणार?

नर्सताई:
बीट राहू द्या, आधी चहाची वेळ हलवा. जेवणावर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. गोळीनं काळं होणारच, घाबरायचं काही नाही. रात्री जेवून झोपताना घ्यायची, वर लिंबूपाणी. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दोन तास मध्ये जाऊ द्या. ८.४ ला एक गोळी पुरत नाही, सहसा दिवसाला दोन देतात. तरी चढलं नाही तर डॉक्टर शिरेतून लोह देतात, म्हणून महिन्याभरात परत तपासा. दम लागला, तोंडावर सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि नुसत्या गुळानं रक्त वाढतं ही आशा सोडा. भिजवलेली मटकी, शेंगदाणे, अंडं. बांधावरचा तांदूळजा चालेल, पण तणनाशक मारलंय का ते विचारून.

अंगणवाडीवाली:
माता-बाल कार्ड घेऊन तिथल्या अंगणवाडीत जायला सांगा. परगावची म्हणून आहार नाकारता येत नाही. पाकीट मिळालं की ते अख्ख्या कोपीत वाटलं जातं, हे मात्र मी रोज बघते.

जुना कोयता:
मी बावीस वर्षं तोडलं. फडक्यात भाकरी बांधताना तिची वेगळी बांधायची, कोरड्यासासकट. सकाळी दहाला फडात बसून खायची, कुणाची वाट बघायची नाही. बाळंतपणानंतर तर जास्तच जपा. आम्हाला पाच दिवस नुसता मऊ भात, पाणीही मोजून. थोरल्याच्या वेळी जीव कोरडा पडायचा.

नर्सताई:
पाणी तोडायचंच नाही. गरोदरपणी रोज ३५० कॅलरी जादा लागतात, अंगावर पाजताना पहिले सहा महिने ६००. म्हणजे दोन भाकरी आणि वाटीभर डाळ तरी वाढीव.

फडातली नणंद:
रात्री फोन केला. भाऊ अंडी आणतो म्हणाला. भाकरीचं ऐकून वहिनी हसली, म्हणाली, मामंजींच्या आधी कसं खाऊ? मी गावाकडं आईलाही फोनवर घेतलं. आई म्हणाली, तुझे मामंजी इथं गावात बसलेत, तुला तिथं कोण बघतंय? कार्ड मात्र घरी पेटीतच राहिलंय. उद्या चुलत्याच्या हाती एसटीनं पाठवतोय.