मायक्रोवेव्हवर भागवलेलं वीगन जेवण : तुमचे अनुभव सांगा

माझी भाची सप्टेंबरात शिकायला इंग्लंडला गेली. खोलीत एक मायक्रोवेव्ह आणि गुडघ्याएवढा फ्रिज, बस्स. शेगडी, इंडक्शन, टोस्टर, सगळ्याला बंदी. त्यात ती दोन वर्षांपासून वीगन आहे. दूध, दही, तूप नाही, मधही नाही. पहिले तीन आठवडे तिने ब्रेड, पीनट बटर आणि केळी यांवर काढले. मला म्हणाली, "मावशी, पोट भरतं गं, पण जेवल्यासारखं वाटत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मग शनिवारी व्हिडिओ कॉल लावायला लागलो. ती तिथे तिच्या मायक्रोवेव्हपुढे, मी इथे ठाण्यात माझ्या. सगळ्यात आधी जमलं ते पिठलं. काचेच्या मोठ्या, उष्णता सोसणाऱ्या, कोरड्या बाऊलमध्ये दोन चमचे तेल, मोहरी, जिरं. वर बशी झाकून दोन ते अडीच मिनिटं. मोहरी तडतडल्याचा आवाज बाहेर येतो. मग हिंग, हळद, ठेचलेला लसूण, मिरची, बारीक चिरलेला कांदा घालून तीन मिनिटं. चार मोठे चमचे बेसन दीड वाटी कोमट पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मीठ घालून त्यावर ओतायचं. इथून पुढे मात्र दर मिनिटाला थांबवून ढवळायचं. पहिल्या मिनिटाला काहीच होत नाही. दुसऱ्याला कडेने घट्ट पिवळी रिंग धरते आणि मधे अजून पाणीच असतं. ती रिंग चमच्याने सोडवून आत घ्यायची. असं पाचेक मिनिटं, आणि मग झाकून दोन मिनिटं नुसतं ठेवायचं. भाचीने पहिला घास घेतला आणि काही बोललीच नाही, नुसती मान हलवत राहिली.

पिठलं, उसळी, आमटी, मेतकूट भात, यांत दूध लागतच नाही आणि तूप वगळता येतं. ते मायक्रोवेव्हमध्ये कसे बसवायचे तेवढं कळायला हवं. हॉस्टेलात, पीजीत, परदेशात ज्यांनी असं रांधलंय त्यांनी कृपया लिहा. प्रमाण आणि मिनिटं लिहा. फसलं असेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

कर्वेनगर, पुणे. पीजीत राहते

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्या मेसच्या पोळीला तूप लावलेलं असतं आणि वरणावरही सोडलेलं असतं. तीनदा सांगून पाहिलं, चौथ्यांदा सांगायचा धीर झाला नाही. तेव्हापासून रात्रीचं माझं मी करते.

माझा आधार म्हणजे मटकी. मोड आलेली भाजीवाल्या मावशींकडे तयार मिळते, त्यामुळे भिजवा, बांधा ही भानगड नाही. ताईंनी सांगितली तशीच फोडणी, त्यात एक वाटी मटकी, गोडा मसाला, तिखट, मीठ आणि अर्धी वाटी पाणी. झाकून आठ मिनिटं, मधे एकदा हलवायची. शेवटी दाण्याचा कूट आणि चिमूटभर गूळ. सोबत पाव, पण पावाच्या पाकिटावरचे घटक वाचूनच घेते. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध पावडर असू शकते. वीगनसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळं चिन्ह ठरवलंय, हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि वर छोटं पान. ते दिसलं की पाकीट उलटून वाचत बसावं लागत नाही.

अमेरिका, एमएसचं दुसरं वर्ष

मी फसलेला अनुभव लिहितो, कारण तो कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पहिल्या हिवाळ्यात राजम्याची फार आठवण आली. रात्रभर भिजवला, पाणी बदललं, आणि उतू जातो म्हणून मध्यम पॉवरवर वीस मिनिटं लावला. दाणा बाहेरून मऊ, आत कचकच. बाहेर बर्फ होता, भूक लागली होती, खाल्ला. दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या आणि रात्रभर थांबल्या नाहीत. राजम्यात एक विषारी घटक असतो, तो दाणे किमान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, हे मला त्यानंतर कळलं. मायक्रोवेव्हमध्ये भांड्याच्या एका बाजूला उकळी येते आणि दुसरी बाजू नुसती गरम राहते. म्हणून कोरडा राजमा मायक्रोवेव्हमध्ये करूच नका.

डब्यातला राजमा आणि छोले आधीच शिजवलेले असतात. ते चाळणीत धुऊन घ्या. डबा तसाच आत ठेवायचा नाही, बाऊलमध्ये काढायचे. कांदा, आलं-लसूण आणि टोमॅटो तेलात सहा मिनिटं, मग राजमा आणि मसाला, अजून चार मिनिटं. चमच्याच्या पाठीने थोडे दाणे चेचले की रस्सा दाट होतो.

डाळ हवी असेल तर मसूर घ्या. अर्धी वाटी, अर्धा तास भिजवलेली, दीड वाटी पाणी, मोठ्या बाऊलमध्ये बारा मिनिटं. तुरीचा नाद मी सोडला.

मेलबर्न

मुलांनो, तुमची मिनिटं एकमेकांशी जुळणार नाहीत. मायक्रोवेव्हच्या पाठीमागे किंवा दाराच्या आतल्या बाजूला वॅट लिहिलेले असतात, ते आधी बघा. १००० वॅटवर दहा मिनिटं लागत असतील तर ७०० वॅटवर साधारण चौदा लागतात. माझा मुलगा खोली बदलल्यावर आठवडाभर कच्चं खात होता, कारण हेच.

आता भात. याचे फोन मला सगळ्यात जास्त आले. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तेल. तेलाने फेस कमी होतो. बाऊल चौपट मोठा हवा, नाहीतर सगळं पाणी काचेच्या ताटलीवर. आधी पूर्ण पॉवरवर झाकण न लावता पाच मिनिटं, मग अर्ध्या पॉवरवर सैल झाकण ठेवून दहा मिनिटं, आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. तो उरलेली वाफ ओढून घेतो आणि मोकळा होतो.

उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. बाहेर राहिलेल्या भातात जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. घरी रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकत आलो म्हणून चालतं असं मुलं म्हणतात. तरी फ्रिजमध्येच ठेवा.

मुलगा तापाने पडला तेव्हा त्याने हाच भात जरा सैल करून मेतकूट घालून खाल्ला. तुपाऐवजी घाण्याचं शेंगदाणा तेल, कच्चंच, एक चमचा. मला फोटो पाठवला. मी इतक्या लांबून आणखी काय करणार होते? पण तो फोटो पाहून त्या रात्री झोप लागली.

नागपूर, इंजिनिअरिंग

रताळं. धुवायचं, सोलायचं नाही, काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचायचं, ओल्या कागदी रुमालात गुंडाळून पाच-सहा मिनिटं, मधे एकदा उलटायचं. मीठ, तिखट, लिंबू, दाण्याचा कूट. परीक्षेच्या दिवसांत मी रोज हेच खातो. टोचायला विसरू नका, आत वाफ कोंडते आणि ते फुटतं.

मूळ फोंड्याचा, सध्या दिल्लीत

घरून येताना मी दोनच गोष्टी आणतो: कोकमाचं आगळ आणि आईने भाजून कुटलेला सुका मसाला, त्यात खोबरं, धणे, सुकी मिरची, मिरी.

मुगागाठी करतो. मोड आलेले मूग मसाल्यासह सात-आठ मिनिटं शिजवायचे, मग पाकिटातलं नारळाचं दूध घालायचं. ते घातल्यावर पॉवर अर्धी करा. पूर्ण पॉवरवर दूध फाटल्यासारखं होतं, तेल वर आणि चोथा खाली. अर्ध्या पॉवरवर यंत्र थांबत-थांबत चालतं, तेवढ्या उसंतीने ते एकजीव राहतं. आमच्या मजल्यावर पन्नास मुलांत एक मायक्रोवेव्ह आहे, त्यामुळे सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ मागायला संकोच वाटतो. मूग दुपारी गरम पाण्यात घालून ठेवले की संध्याकाळी पाच मिनिटांत होतात.

उरलेल्या नारळाच्या दुधात आगळ, लसूण, मिरची, मीठ घालून सोलकढी, तिला वीजसुद्धा नको.

आहारतज्ज्ञ, नाशिक

वाचून फार बरं वाटलं. डाळ-तांदूळ, उसळ-पाव, कूट, हे सगळं नीट चाललंय. दोनच गोष्टी सांगते. बी१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. वीगन असाल तर गोळी घ्यावीच लागते, किंवा ते मुद्दाम घातलेलं सोया दूध वगैरे रोज घ्यावं लागतं. डॉक्टरांना विचारून तपासणी करा, टाळू नका. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. दुसरं, उसळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्या. डाळी-कडधान्यांतलं लोह त्याने जास्त अंगी लागतं.

कोल्हापूरची, सध्या जर्मनीत

ताई, काल रात्री तुमचं पिठलं केलं. झाकायला काहीच नव्हतं म्हणून फोडणी उघडीच ठेवली, आणि मोहरी आतमध्ये सगळीकडे उडाली. पुसायला अर्धा तास गेला. पण चव अगदी घरची आली. भाकरी नव्हती, इथल्या काळ्या राय ब्रेडबरोबर खाल्लं, तो चवीला थोडा आंबूस आहे, पण पोत भाकरीसारखाच जाड आहे. शेजारच्या खोलीतली मुलगी वास घेत आली, तीही जेवली. झाकणाचं काय करू? प्लास्टिकची भीती वाटते.

धागाकर्ती

अगं, चिनी मातीची साधी बशी उपडी ठेव, सोनेरी किंवा चंदेरी काठ नसलेली. वाफ जायला एका बाजूने जराशी सरकवून. काढताना फडक्याने धर आणि तुझ्यापासून लांबची कड आधी उचल, वाफ तोंडावर येत नाही. आणि त्या मुलीसाठी पुढच्या वेळी बेसन सहा चमचे घे, पाणी सव्वादोन वाट्या.