उत्तर: कांद्याला नुसता रोटर पुरतो का?

‘कांद्याची मुळं वीतभरच जातात, मग नांगरट कशाला, दोनदा रोटर (माती वरवर बारीक करणारं ट्रॅक्टरचं अवजार) मारला की झालं’ हे म्हणणं अर्धंच पटतं. मुळं उथळ असतात, कबूल. पण दरवर्षी नुसता रोटर फिरवला की खाली कडक थर बसतो. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या लोणंद पट्ट्यातल्या भारी (काळ्या चिकण) रानात हळव्या म्हणजे पावसाळी कांद्याला हेच नडतं: वर पिठासारखी माती, खाली पाणी तुंबलेलं, पात शेंड्याकडून पिवळी. वाफशावर (माती ओलसर, पण चिखल नसताना) लोखंडी सळई दाबून बघा, कुठं अडते ते लगेच कळतं.

गादीवाफ्याचंही (उंच केलेल्या वाफ्याचंही) तसंच, रान बघून ठरवायचं. १२० सेंमी रुंद, १५ सेंमी उंच वाफा आणि मध्ये ४५ सेंमी सरी पावसाळ्यात फायद्याची, पण सरीचं पाणी रानाबाहेर निघालं तरच. माण-खटावच्या हलक्या मुरमाड रानात उन्हाळी कांद्याला पाटपाणी असेल तर सपाट वाफेच बरे.