डोंबिवली नक्की कशी वाढली? जुन्या लोकांना विचारायचंय

कोपर_पूर्व:
नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांनी गिरगावातली खोली सोडून सत्तरच्या आसपास डोंबिवलीत ब्लॉक घेतला. घरात कुणालाही विचारलं की एकच उत्तर, "मुंबईत परवडेना म्हणून आलो". पण परवडेना तर मुलुंड, ठाणं, कळवा हे सगळं डोंबिवलीच्या अलीकडेच होतं ना, मग एवढे मराठी नोकरदार थेट डोंबिवलीलाच का उतरले? आणि रेल्वे तर १८५४ लाच कल्याणपर्यंत पोचली होती, मग त्यानंतर शंभरेक वर्षं हे गाव गावच कसं राहिलं? कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा प्लीज, लेकीला पण वाचून दाखवायचंय.

टिळकनगरचा_जुना:
रेल्वे आली म्हणजे गाव लगेच वाढतं असं नसतं. डोंबिवलीला स्टेशन झालं तेच १८८७ ला, आणि तेव्हा गाड्या कोळशाच्या. रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करायची ही कल्पना खरी रुजली ती १९२० च्या दशकात विजेच्या गाड्या आल्यावर. आपल्या ठाकुर्लीजवळ चोळ्याचं पॉवरहाऊस रेल्वेने त्यासाठीच बांधलं होतं. गणेश मंदिर १९२४ चं, म्हणजे तेव्हा इथे थोडीफार वस्ती जमत होती हे दिसतंच.

पण लोंढा आला तो स्वातंत्र्यानंतर आणि त्याचं मोठं कारण म्हणजे १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. मुंबईत भाडी गोठली, मालकांना नवीन चाळी बांधण्यात काही राम उरला नाही, असलेल्या खोल्यांना पागडी मागायला लागले. गिरगाव-दादर-परळच्या एका खोलीत आईबाप, दोन भाऊ, मग भावाचं लग्न ठरलं की झोपायचं कुठे? सरकारी ऑफिस, बँक, एलआयसी, रेल्वे इथल्या कारकुनाकडे पागडीचे पैसे नव्हते पण दर महिन्याला पगार नक्की होता, तो सोसायटीत सभासद होऊन, ऑफिसातून कर्ज काढून इथे ब्लॉक घेऊ शकत होता. १९६३ ला ओनरशिप फ्लॅटचा कायदा आल्यावर तर स्वतःच्या नावावर घर ही गोष्ट आवाक्यात आली.

आम्ही आलो तेव्हा पावसाळ्यात स्टेशनपर्यंत नुसता चिखल. माझे वडील बूट पिशवीत घालून न्यायचे, फलाटावर पाय पुसून मग चढवायचे, आणि तसे करणारे ते एकटे नव्हते. संध्याकाळी लाईट गेले की हातात बॅटरी घेऊन आम्ही पोरं त्यांना आणायला फाटकापर्यंत जायचो. पाण्याचे हाल वेगळेच. पण हाल काढणारी माणसं एकाच प्रकारची होती म्हणून शाळा, वाचनालयं, व्याख्यानमाला पटापट उभ्या राहिल्या. पु. भा. भावे, शं. ना. नवरे हे लेखक इथेच राहायचे. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ ला इथूनच सुरू झाली आणि २०१७ चं साहित्य संमेलनही इथे झालं, त्याची मुळं मला तरी त्या चिखलाच्या दिवसांत दिसतात.

फास्ट_विंडोसीट:
मुलुंड-कळवा का नाही, याचं उत्तर नकाशात आहे. मुलुंड, ठाण्याचे भाव आधीच चढलेले. ठाण्याची खाडी ओलांडली की कळवा-मुंब्र्याला एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी, दिव्याला खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल. मोठी सपाट, बांधता येईल अशी जमीन लागते ती थेट डोंबिवलीला! त्यात १९१६ ला पारसिक बोगदा झाल्यामुळे मुंब्र्याचा वळसा वाचला आणि फास्ट गाडीला डोंबिवली लांब राहिली नाही. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन झाली तेव्हा बोगदा मेल-एक्सप्रेसला दिला आणि फास्ट लोकल मुंब्र्याकडून जायला लागल्या. तिथल्याच वळणावर ९ जून २०२५ ला दारात लटकणारी माणसं पडून दगावली. ज्या गाडीने हे शहर मोठं केलं त्या गाडीत आज माणूस धड उभा राहू शकत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आयरे_गावची:
टिळकनगरच्या काकांनी छान लिहिलंय, पण विंडोसीट, तुम्ही म्हणता ती "सपाट जमीन" म्हणजे मोकळी नव्हती हो. ती आमची भातशेती होती. आयरे, पाथर्ली, नांदिवली, चोळे, मोठागाव, ही सगळी आगरी-कोळ्यांची गावं. कुळकायद्यात, म्हणजे कसेल त्याची जमीन या कायद्यात, बऱ्याच जणांच्या नावावर जमीन लागली आणि वीस-पंचवीस वर्षं होतात न होतात तोच बिल्डर दारात. माझे सासरे सांगतात, गुंठ्याचा भाव काय असतो हेच माहीत नव्हतं, जो आकडा बोलला तो खूप वाटायचा, पोरीचं लग्न निघालं की एक तुकडा जायचा. साठच्या दशकात एमआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत आली, कारखान्यांचं पाणी खाडीत गेलं, जिताडा मासा मिळायचा तिथे जाळं टाकणं लोकांनी सोडलं. आणि त्या केमिकल कंपन्यांना खेटून बिल्डिंगा झाल्या, मग २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट आठवा, काचा कुठपर्यंत फुटल्या होत्या.

डोंबिवलीच्या आजूबाजूच्या २७ गावांचं पण लिहा कुणीतरी. २००२ ला कल्याण-डोंबिवली महापालिकेतून बाहेर, २०१५ ला परत आत, मधल्या काळात तिथे काय आणि कसं बांधलं गेलं हे मानपाड्याच्या रस्त्याने गेलात तरी कळेल. लेकीला सांगाल तेव्हा गावांची नावं पण सांगा ताई/दादा, नाहीतर पोरांना वाटतं इथे आधी काहीच नव्हतं.

कोपर_पूर्व:
मनापासून आभार सगळ्यांचे. ताईच आहे मी 🙂 आयरे गावच्या ताई, आमची बिल्डिंगच आयरे रोडला आहे आणि खाली कुणाचं शेत होतं हा प्रश्न इतक्या वर्षांत घरात कुणी विचारलाच नाही. सोसायटीच्या जुन्या कागदांत मूळ मालकाचं नाव सापडेल का?

टिळकनगरचा_जुना:
सापडेल. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघा, नाहीतर सर्व्हे नंबर घेऊन तलाठ्याकडे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी मागा. त्यात जमीन कुळाच्या नावावर कधी लागली तेही मिळेल.