प्रतिसाद : सरळ रेषा ब्रश न सोडता काढता यावी

संगणकावर चित्र रंगवण्याच्या प्रोग्रॅममध्ये ब्रश न सोडताच सरळ रेषा काढता यावी, अशी मागणी इथे मांडली आहे; त्यावर, सरळ रेषेसाठी वेगळे साधन उपलब्ध असताना ब्रशमध्येच ती सोय कशाला हवी, हा घेतलेला आक्षेप मला पटत नाही. वेरूळच्या १२ क्रमांकाच्या तीन मजली लेण्याचा दर्शनी भाग चित्रात रंगवताना चौकोनी खांबांच्या आणि मजल्यांच्या कडा इतक्या वेळा ओढाव्या लागतात, की दर खेपेस साधन बदलून पुन्हा ब्रशकडे परतण्यात हाताची लय मोडते.

जिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एक ठिपका देऊन शिफ्ट दाबली की पुढची रेषा आधीच दिसते, आणि सोबत कंट्रोल दाबल्यास ती १५ अंशांच्या टप्प्यांत वळते. फोटोशॉपमध्येही शिफ्ट दाबून दुसऱ्या ठिकाणी क्लिक केल्यास दोन्ही बिंदू जोडले जातात. कृता या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये मात्र शिफ्ट धरून ओढल्यास ब्रशचा आकार बदलतो (जिंपची सवय असलेल्यांची इथे हमखास फसगत होते), आणि सरळ रेषेसाठी व्ही ही कळ धरावी लागते.

म्हणून मागणी करताना नुसते ‘शिफ्ट द्या’ असे न लिहिता, ही कळ वापरणाऱ्याला निवडता यावी आणि ती पेनच्या बटणावरही नेमता यावी, असे स्पष्ट लिहावे; कीबोर्डाविना टॅबलेटवर काम करणाऱ्यांची अडचण त्याशिवाय सुटणार नाही. रेषा सरळ झाली तरी पेनच्या दाबानुसार तिची जाडी बदलत राहिली पाहिजे, हेही त्यात यावे. दगडाची कड सर्वत्र सारख्याच जाडीची काढली, की ती पट्टीने आखलेल्या नकाशासारखी दिसते.